‘पथ्य पाळत नाही’ असा शेरा असलेल्या काकू

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातल्या काकू. वय ५४, मधुमेह नऊ वर्षांपासून, सोबत थोडं बीपी. तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी एचबीएवनसी जानेवारी २०२० मध्ये ७.६ होती, सप्टेंबरमध्ये ती ९.४ झाली. त्यांच्या फाइलवर वेगवेगळ्या हस्ताक्षरांत एकच शेरा होता : पथ्य पाळत नाही. घरचेही तेच म्हणायचे, ‘तोंडावर ताबा नाही.’

मी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण या शेऱ्यामागे जे निघालं ते खादाडपणा नव्हता. गोळी, ताट आणि भीती एकमेकांत अडकली होती आणि लॉकडाऊनने तिन्हींची वेळ बिघडवली होती. काकूंची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

लॉकडाऊनच्या आधी

पाच एकर वावर, कापूस, तूर आणि थोडं सोयाबीन. काकू सकाळी नऊला जेवूनच वावरात जायच्या. दोन भाकरी नाहीतर पोळ्या, भाजी, ठेचा. दुपारी शिदोरी. रात्री आठच्या आत वरण, भात आणि एखादी पोळी. ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० अशी एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी. आठवडी बाजारातून भाजी, गुरुवारी बायकांचं भजन. ७.६ हा आकडा काही आदर्श नाही, पण गोळ्या, चालणं आणि जेवण यांचा मेळ बसलेला होता.

मार्च ते ऑगस्ट

२५ मार्चला लॉकडाऊन लागला त्या दिवशी गुढीपाडवा होता. घरातली मधली खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) आणि पणन महासंघाची खरेदी थांबली होती. लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये, पण तो मिळायला केंद्र तर सुरू हवं. खेडा खरेदीवाला, म्हणजे गावोगाव फिरणारा खासगी व्यापारी, दारात येऊन त्याहून बराच कमी भाव सांगायचा. एप्रिलअखेर खरेदी हळूहळू सुरू झाली, तीही रोजच्या मोजक्याच गाड्यांची. यांचा नंबर जूनमध्ये लागला. तोवर सगळं घर ओसरीत झोपायचं. कापसामुळे अंगाला खाज यायची आणि काकाजींना झोप लागायची नाही. ते बोलेनासे झाले, आणि त्यांचं न बोलणं काकूंना सगळ्यात जड गेलं.

आठवडी बाजार बंद, एसटी बंद. २२ मेला जिल्ह्यातल्या जिल्ह्यात गाड्या सुरू झाल्या, तरी गावात गाडी नेमाने येईना. भाजी म्हणजे कांदे, बटाटे आणि घरची तुरीची डाळ. रेशनवर मात्र एप्रिल ते जून माणशी ५ किलो तांदूळ मोफत मिळाला. कार्डावर चार नावं, म्हणजे महिन्याला २० किलो जादा. या तांदळाने कित्येक घरांची चूल पेटती ठेवली, त्याला नावं ठेवणं मला पटत नाही. पण ज्या घरात भाकरी मुख्य आणि भात शेवटी वाटीभर, तिथे दोन्ही वेळा ताटभर भात आला. ज्वारी तर आमच्याकडे आता पिकतच नाही फारशी. ती जागा कपाशीने आणि सोयाबीनने घेतली, त्यामुळे ज्वारी विकतच आणावी लागते.

एप्रिलच्या मध्यावर गोळ्या संपल्या. काही आठवडे काकू गोळीशिवायच होत्या. मग पुतण्याने मोटरसायकलवरून तालुक्याच्या एका मेडिकलातून गोळ्या आणल्या. पुढे मला काकूंनी प्लास्टिकच्या डब्यातून त्या काढून दाखवल्या. कात्रीने कापलेले पट्टीचे तुकडे, पाच-पाच गोळ्यांचे. एका तुकड्यावर नावाचा मागचा अर्धा भाग, दुसऱ्यावर पुढचा. दोन्ही जुळवून खिडकीच्या उजेडात धरले तेव्हा नावापुढचा आकडा वाचता आला. तो १ नव्हता, २ होता. गोळीचा रंगही वेगळा होता, पण ‘कंपनी वेगळी असंन’ म्हणून कुणी विचारलं नाही. १ ची गोळी दुकानात नव्हती, पुतण्याला ‘तीच आहे’ म्हणून सांगितलं गेलं. म्हणजे ग्लिमेपिराइडचा रोजचा डोस दुप्पट झाला आणि तो कुणाच्याच कागदावर आला नाही.

मे महिन्यात मुलगा, सून आणि दोन नातवंडं पुण्याहून परतली. १४ दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत विलगीकरणात काढून घरी आली. मुलाचा पगार थांबलेला. घरात सहा माणसं झाली आणि काकूंचं जेवण शेवटी गेलं. सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते, साडेनऊ-दहाला. पण संध्याकाळची गोळी जुन्या सवयीने सातलाच.

जुलैमध्ये उपाशीपोटीची शुगर २२४ आली. तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्यापुढे सकाळचा एकच आकडा होता आणि त्यावरून त्यांनी जो सल्ला दिला तो गैर नव्हता : गोळी चुकवू नका, पथ्य कडक करा. काकूंनी दोन्ही गोष्टी जिवाच्या आकांताने केल्या. गोळी एकदाही चुकवली नाही आणि रात्रीचं जेवण जवळजवळ बंद केलं.

चोरून खाणारी सासू

ऑगस्टपासून रात्रीचं सुरू झालं. सुनेला सकाळी नातवाच्या बिस्किटांचा रिकामा पुडा धान्याच्या कोठीमागे सापडला. मग गुळाचा खडा लहान होत गेला. शिळ्या पोळ्या गायब. मुलगा चिडला, ‘शुगर चारशे झाल्यावर आम्हालाच पळावं लागंन.’ सुनेने गूळ आणि बिस्किटं लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. तिच्यापरीने ती सासूला जपत होती, आणि पथ्याबद्दल तिला जेवढं सांगितलं गेलं होतं त्याला धरूनच होती. कुणी विचारलं की काकू गप्प राहायच्या. भजन बंदच होतं, आता शेजारी जाणंही त्यांनी सोडलं.

१८ सप्टेंबरला अधिक महिना लागला आणि काकूंनी एकवेळ जेवायचा नेम धरला. धोंड्याचा महिना तीन वर्षांनी येतो, तो सोडायचा कसा? त्याच सुमारास सोयाबीन पावसात सापडलं, शेंगांना झाडावरच कोंब फुटले.

१५ सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही कोरोनाची मोहीम चालू होती. आशाताई घरोघर ताप आणि ऑक्सिजन बघत होती, शुगर-बीपी आहे का विचारत होती. तिच्या प्रश्नांच्या यादीत झोपेचा प्रश्न नव्हता, तो तिने स्वतःहून विचारला. काकू दारातच रडायला लागल्या. आशाताई त्याच दुपारी माझ्याकडे आली.

पथ्य पाळता का, हा प्रश्न मी विचारला नाही. त्याला शुगरचे सगळेच ‘हो’ म्हणतात. काल उठल्यापासून आज उठेपर्यंत कोणत्या वाजता काय तोंडात गेलं आणि गोळी कधी, एवढंच विचारत गेले. सकाळी सहाला साखरेचा चहा. अकराला जेवण, त्याआधी गोळी. चारला चहा. सातला गोळी. रात्री काही नाही, नेम आहे. आणि मग?

‘मग दोन वाजता जाग येते, मॅडम. आंगाले घाम फुटते, हात थरथर कापतात, छातीत धडधड होते. वाटते, आता मी मरतो. काई खाल्लं का मंग शांत वाटते. मी काई चोरून नाई खात. जीव जाते असं वाटते म्हणून खातो.’

शुगर खाली गेल्याचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न येवो न येवो. मेटफॉर्मिनचं तसं नाही, एकट्या मेटफॉर्मिनने शुगर धोक्याच्या खाली क्वचितच जाते. गोळी सातला आणि जेवण नाही, म्हटल्यावर मध्यरात्री साखर घसरणार. ती घसरली की शरीर अॅड्रेनॅलिन हे संप्रेरक सोडतं. घाम, थरथर, धडधड आणि मरणाची भीती हे सगळं त्याचंच. मनाच्या घबराटीतही हेच अॅड्रेनॅलिन असतं, म्हणून दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. काकूंच्या वयाच्या बायकांना तर ‘पाळी जाण्याचा त्रास’ असं तिसरं लेबलही लागतं. तिन्ही वेगळी करायला त्या क्षणी बोटातून रक्ताचा एक थेंब घेण्यावाचून गत्यंतर नाही.

दोन वाजताचा आकडा

तो आकडा हाती येईपर्यंत धोका पत्करून चालणार नव्हतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी मी फोनवर बोलले. त्यांनी सांगितलं, त्या रात्रीपासून थोडं तरी जेवल्याशिवाय संध्याकाळची गोळी घ्यायची नाही, आणि रात्रीची शुगर मोजून कळवा. उपकेंद्राचं शुगरचं मशीन आणि काही पट्ट्या सुनेच्या हाती दिल्या. ती बारावी झालेली, एकदा दाखवल्यावर शिकली. सत्तरच्या खाली आलं तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, १५ मिनिटांनी परत मोजायचं, अजून कमी असेल तर परत तेवढीच साखर, वर आली की थोडं जेवण द्यायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८. कुलूप त्या दिवशीच काढायला लावलं.

काकूंनी दोन घास खाऊन गोळी घेतली. रात्री दोन-सव्वादोनला सुनेने मोजलं : ५८. साखरेचं पाणी दिलं. पंधरा मिनिटांनी ८४. मग अर्धी भाकर आणि वरण. सकाळी उपाशीपोटी १३८.

या घरात महिनोन्‌महिने सकाळचा आकडा दोनशेच्या वर होता. भीतीच्या भरात काकू गूळ, बिस्किटं, पोळ्या जे सापडेल ते हाताला येईल तेवढं खायच्या आणि त्याचा परिणाम सकाळी मशीनवर दिसायचा. मोजून तीन चमचे साखर आणि अर्धी भाकर घेतली तर सकाळ ठीक उगवत होती. सुनेने तो आकडा मोबाइलमध्ये फोटो काढून नवऱ्याला दाखवला. त्या दिवशी घरातल्या भांडणाचा सूर बदलला.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी संध्याकाळची ग्लिमेपिराइड बंद केली, सकाळची १ वर आणली, मेटफॉर्मिन दोन्ही वेळ ठेवलं. किडनी मंद असेल तर हीच गोळी अंगात जास्त वेळ राहते, म्हणून क्रिएटिनिन तपासायला सांगितलं. हे वाचून कुणी आपली गोळी आपल्या मनाने बंद करू नये. काकूंची बंद झाली ती रात्रीचा आकडा हाती होता म्हणून.

गोळी गेली, भीती राहिली

मला वाटतं या प्रकरणाचा अवघड भाग इथून सुरू झाला. शुगर आता रात्री ११०-१३० असायची, तरी दोनला जाग यायचीच. महिनाभराहून जास्त काळ शरीराने त्या वेळी मरण जवळ पाहिलं होतं. काकू उठायच्या, गुळाकडे जायच्या.

पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या तपासणीत २७ पैकी १४ गुण आले. १० किंवा त्याहून जास्त आले की नैराश्य मध्यम किंवा त्याहून जास्त असू शकतं आणि नीट बघावं लागतं. मधुमेह असलेल्यांत नैराश्य इतरांपेक्षा सुमारे दुपटीने आढळतं. शिवाय शुगरचा स्वतःचा म्हणून एक ताण असतो. रोज मोजा, रोज टाळा, रोज कुणाला तरी हिशोब द्या, याने माणूस विटून जातो. काकूंमध्ये हे दोन्ही होतं. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा. तो मी सरळ शब्दांत विचारला. विचारल्याने विचार डोक्यात येतो हा समज चुकीचा आहे, विचारल्याने माणूस हलका होतो. काकू म्हणाल्या, ‘निजलो ते उठूच नये, असं वाटते कधीकधी.’ पुढचं काही ठरवलेलं नव्हतं. तरीही त्याच दिवशी काकाजींशी बोलून फवारणीची औषधं घरातून हलवली आणि वावरातल्या खोलीत कुलूपबंद केली. आमच्या भागात हे करणं उद्यावर टाकू नये. किल्ली मुलाकडे राहिली, काकाजींकडे नाही. त्यांच्याकडे बघूनच तसं ठरवलं.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या मनोविकारतज्ज्ञांनी फोनवर बोलून गोळी सुरू केली. शुगर आहे हे त्यांना आधी सांगणं गरजेचं असतं, कारण नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी भूक आणि वजन वाढतं. बाकीचं काम आशाताईने केलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम झाला होता. तिथे गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवलं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आशाताई काकूंच्या ओट्यावर बसून शेंगा सोलत बोलायची, तेव्हा हा आकडा मला समजायचा. ‘मानसिक’ हा शब्द तिने एकदाही वापरला नाही. ‘जीव लागत नाही का कशात?’ एवढंच.

रात्रीसाठी एक नेम ठरला. जाग आली की आधी मोजायचं, मग हात गुळाकडे. सत्तरच्या खाली असेल तर साखर. शंभरच्या वर असेल तर पाणी प्यायचं, काकाजींना उठवायचं आणि धडधड ओसरेपर्यंत दोघांनी ओसरीत बसायचं. गूळ मात्र उशाशी डबीत राहू द्यायचा. तो कुलपात असताना काकू जास्त खायच्या. डबीत हाताशी आल्यावर कमी झालं, कारण भीती कमी झाली. पट्ट्या महाग पडतात, म्हणून काही आठवड्यांनी रोज मोजणं थांबवलं, फक्त घाम आला तर मोजायचं. काकाजी रात्री बसून काय बोलायचे ते मला माहीत नाही. पण ते बोलायला लागले होते.

ताट

अधिक महिन्याचा नेम मोडा, असं मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काकूंनी माझ्यापुढे मान डोलावली असती आणि नेम लपून केला असता. त्यांनाच विचारलं, जेवणाऐवजी काय सोडता येईल? त्या विचार करून म्हणाल्या, ‘चहातली साखर सोडतो.’ दिवसाला चार-पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे. धोंड्याच्या महिन्यात सोडलेली साखर नंतर परत आली नाही. १७ ऑक्टोबरला नवरात्र लागलं तेव्हा साबुदाण्याऐवजी थोडी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, आणि उपास म्हणून उपाशी झोपायचं नाही, एवढं त्यांनी मान्य केलं.

भात बंद केला नाही. घरात तोच आहे. वाटीने मोजून एक वाटी, त्यावर वरण घट्ट, आणि आधी भाजी. पावसाळ्यात अंबाडी होती, पुढे चवळीच्या शेंगा निघाल्या. ‘भाकरीने शुगर वाढत नाही’ हा समज आमच्याकडे पक्का आहे. तीन भाकरी खाऊन लोक निर्धास्त असतात. भाकरीतही पिष्ट असतंच, ती फक्त पांढऱ्या भातापेक्षा हळू चढते आणि पोट धरते. काकूंना एक पुरते.

सगळ्यात मोठा बदल ताटातल्या पदार्थाचा नव्हता. सुनेने ठरवलं की आई लेकरांबरोबर साडेसातलाच जेवतील. बाई शेवटी जेवते, उरलेलं जेवते, हे मधुमेहाच्या कोणत्याही तक्त्यात लिहिलेलं नसतं. गोळी घेणाऱ्या बाईसाठी मात्र तो गोळीइतकाच मोठा भाग आहे.

डिसेंबर आणि पुढे

डिसेंबरमध्ये एचबीएवनसी ८.१, पीएचक्यू-९ वर सहा गुण, रात्रीचं खाणं बंद. १६ नोव्हेंबरला देवळं उघडल्यावर गुरुवारचं भजन ओट्यावर, अंतर ठेवून, परत सुरू झालं होतं. सगळं काही जागेवर आलं नाही. सोयाबीनचे पैसे गेलेच, मुलाला पुण्याला परत बोलावणं आलं नव्हतं. ८.१ हाही उतरवायचाच आकडा आहे, पण घाई करायची नाही असं वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरवलं. शुगर खाली जाण्याची भीती ज्याच्या अंगात भिनली आहे, त्याचा आकडा सावकाश खाली आणलेला बरा.

फेब्रुवारी २०२१ मध्ये यवतमाळ, अमरावती, अकोल्यात परत निर्बंध लागले. या वेळी गावातल्या शुगरच्या प्रत्येक घरी आशाताई आणि मी गोळ्यांची पट्टी हातात घेऊन नावापुढचा आकडा वाचला. गोळी कधी, जेवण कधी आणि रात्री घाम येतो का, हे विचारलं. काकूंसारख्या आणखी काही बाया निघाल्या. सगळ्या संध्याकाळची गोळी वेळेवर घेणाऱ्या आणि शेवटी जेवणाऱ्या. ज्यांना गोळ्या लागणार होत्या त्यांना दोन महिन्यांच्या, न कापलेल्या पट्ट्या मिळतील अशी सोय केली. मन लागत नसेल तर तेव्हा आम्ही १०४ या आरोग्य हेल्पलाइनचा नंबर द्यायचो. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ सुरू झाला आहे, तो मराठीत बोलतो आणि पैसे लागत नाहीत.

काकूंचं क्रिएटिनिन ठीक आलं. डोळ्यांच्या पडद्याची वर्षातून एकदा करायची तपासणी मार्च २०२० मध्ये ठरली होती, ती लॉकडाऊनमध्ये राहिली ती राहिलीच. फेब्रुवारीत परत तारीख मिळाली आणि निर्बंधांमुळे परत गेली. पुढच्या तारखेला सून सोबत जाणार, असं तेव्हा ठरलं.